विजेवरील गाड्यांचे शेअर घेण्यापूर्वी
केवळ विक्रीचे आकडे पाहून विजेवरील गाड्यांच्या कंपनीत पैसे गुंतवू नका; बॅटरी हा गाडीच्या किमतीतला सर्वांत महागडा भाग असल्याने कंपनी बॅटरीतले वीज साठवणारे सेल स्वतः बनवते की बाहेरून आणते, हे वार्षिक अहवालात आधी शोधा. चिनी वाहन कंपनी बीवायडीने 2020 मध्ये आणलेल्या ब्लेड बॅटरीत लोह-फॉस्फेट रसायन आहे. त्यात निकेल आणि कोबाल्ट लागत नसल्याने त्या धातूंच्या भाववाढीची झळ तिला थेट बसत नाही, मात्र तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी साठते. चार्जिंगचा हिशेब स्वतः मांडा: 30 युनिटच्या बॅटरीला घरी 8 रुपये दर धरल्यास साधारण 240 रुपये लागतात, तर फास्ट चार्जरवर 20 रुपये दराने 600, शिवाय जीएसटी. सोसायटीत हक्काचे पार्किंग नसलेल्या ग्राहकाला दुसराच आकडा लागू होतो; कंपन्यांच्या सादरीकरणात मात्र बहुधा पहिलाच झळकतो.