वंशशोध : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घराणं वाळवा तालुक्यातलं, आडनाव शिंदे. घरातल्या एका मोडी कागदात पूर्वजाच्या नावापुढे ‘सिंदे’ आहे, दुसऱ्यात नुसतं ‘पाटील’, तिसऱ्यात आडनावच नाही. ही एकाच घरची माणसं कशावरून समजायची? (एक वाचक, आष्टा)

उत्तर : ‘सिंदे’चं फार मनावर घेऊ नका. मोडी लिहिणारे श-स किंवा ऱ्हस्व-दीर्घ काटेकोरपणे पाळत नसत. जाधवांचे जादव, क्षीरसागरांचे खिरसागर सर्रास दिसतात. खरी मेख ‘पाटील’मध्ये आहे. ते आडनाव नव्हे, वतन, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा गावचा हुद्दा. एका गावची पाटीलकी दोन वेगळ्या घराण्यांत वाटलेलीही सापडते. म्हणून आधी बापाचं नाव, मौजे (म्हणजे गाव) आणि शेत जुळतंय का पाहा. तिन्ही जुळल्याशिवाय वंशावळीत नाव चढवू नका. शेत मात्र शेताच्याच नावावरून शोधा, कारण सर्व्हे नंबर इंग्रजी मोजणीनंतरचे.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत. ‘राणोजीबिनजोत्याजीसिंदे’ हे ‘राणोजी बिन जोत्याजी सिंदे’ असं तोडायचं. बिन म्हणजे ‘चा मुलगा’. तोड चुकली की बापलेकांचा एकच माणूस होतो. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेताना ‘आहे तस्सं उतरवा’ असं बजावून सांगा. शुद्धलेखन सुधारलेली प्रत वाचायला गोड, शोधाला निकामी.

सुरुवात मात्र आजच्या सातबाऱ्यापासून करा. तिथून जुने फेरफार (जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी), मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातली जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना 14. या नोंदींत आजोबा-पणजोबांची नावं पक्की झाल्यावरच पेशवाईतल्या कागदांकडे आणि पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे वळावं. आणखी एक, वाळवा 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला तो तेव्हा, आणि त्याचं नाव सांगली झालं 1960 मध्ये. जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसला म्हणून तो परक्या गावचा ठरवून बाजूला टाकू नका.

प्रश्न : ‘सन सबा सितैन मया व अलफ’ म्हणजे कोणतं साल? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : सबा 7, सितैन 60, मया 100, अलफ 1000. बेरीज 1167, हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी आकड्यांत लिहिलेलं साल. तो मृगाला, म्हणजे जूनच्या तोंडाला सुरू होतो. त्यामुळे तारीख जून ते डिसेंबरमधली असेल तर 599 मिळवा, 1766 येईल. जानेवारी ते मेमधली असेल तर 600 मिळवून 1767. तारीख ‘छ 5 जिल्हेज’ (छ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याची तारीख) अशी मुसलमानी महिन्यात असली तर इंग्रजी महिना जंत्रीतच (तारखा जुळवण्याच्या कोष्टकात) पाहावा लागतो, कारण तो दरसाल सरकतो. ‘सबा’ आणि ‘सबैन’ नीट पाहून घ्या. सबैन म्हणजे 70. आणि कागदात ‘फसली’ हा महसुली सन असेल तर 590 मिळवायचे (जानेवारी ते मेमधल्या तारखेला 591). तिथे 599 मिळवलेत तर नऊ वर्षांनी चुकाल.