न चढता केलेली सही

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

बांधकामाच्या परांचीवर न चढताच तू तिच्या सुरक्षा-तपासणीच्या कागदावर सही केलीस. ‘सगळेच करतात, वेळ नको घालवू’ असं वरचे साहेब म्हणाले आणि तुझा हात चालला. पुढे कुणी पडलं नाही, काही मोडलं नाही. तरी तुला झोप नाही. त्या जागरणात तू मेंदूवरचं काही वाचलंस आणि मला विचारलंस: काका, आपण ठरवण्याआधीच मेंदूत सगळं ठरलेलं असतं म्हणे, मग ती सही मी केली की माझ्या हातून झाली? आजोबांची गिरणी बंद पडली नसती, बाबांना कायमची नोकरी लागली असती, घरावर हप्ता नसता, तर मी ‘नाही’ म्हणालो असतो. यात माझं असं काय उरतं?

तू पळवाट शोधत असतास तर एवढं सविस्तर लिहिलं नसतंस. म्हणून मीही सविस्तर लिहितो.

तू वाचलेला प्रयोग मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा, १९८३ मध्ये छापून आलेला. माणसाला सांगायचं, मनात येईल तेव्हा मनगट हलव. समोर तबकडीवर एक ठिपका फिरतोय. हलवावंसं वाटलं तेव्हा तो कुठे होता ते ध्यानात ठेव. मनगट हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत खळबळ सुरू झालेली दिसली आणि ‘आता हलवू’ ही जाणीव जेमतेम पाव सेकंद आधीची निघाली. एवढ्यावर पुष्कळांनी माणसाच्या इच्छेचा निकाल लावून टाकला. खुद्द लिबेट यांनी तो लावला नव्हता. त्यांचं म्हणणं असं की सुरुवात आपल्या हाती नसेलही, पण जाणीव झाल्यापासून हात हलेपर्यंत जो वेळ उरतो, त्यात माणूस थांबू शकतो. पुढे २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खळबळीचाच वेगळा अर्थ मांडला. तो दडून घेतलेला निर्णय नसून मेंदूत सतत चालणारा चढउतार असावा, असा. वाद अजून चालूच आहे आणि तो शास्त्रज्ञांनी चालवावा. पण मनगट आत्ता हललं की जरा वेळानं, याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. तुझ्या सहीच्या भरवशावर माणसं चौदाव्या मजल्यावर उभी राहणार होती. आणि तुझ्याकडे पाव सेकंद नव्हता, अख्खी सकाळ होती.

आपल्याकडेही हा वाद अडीच हजार वर्षांचा आहे. बुद्धांच्याच काळातले आचार्य मक्खली गोशाल म्हणत, सगळं नियतीनं ठरलंय, माणसाच्या प्रयत्नात बळ नाही. बुद्धांनी या मताला कडाडून विरोध केला, कारण ते पटलं की काय करावं आणि काय करू नये हा प्रश्नच संपतो, आणि मग माणूस सुधारण्याची गोष्टही संपते. मला हे म्हणणं पटतं. पण ते मला पुस्तकांपेक्षा कामावर जास्त कळलं, म्हणून तिकडे वळतो.

तुला ठाऊक आहे, माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार आणि तुळशी इथेच, राष्ट्रीय उद्यानात. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा लांब, शहराबाहेर. तिथून जलवाहिन्यांतून आणि बोगद्यांतून, बरंचसं उताराच्या जोरावर, ते मुख्यतः भांडुपला शुद्धीकरणाला येतं आणि मग टेकड्यांवरच्या जलाशयांत. पण शहरात चोवीस तास पाणी नसतं. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली. त्या वेळी चावीवाला येतो, रस्त्यातलं झाकण उघडतो, लांब लोखंडी चावी खाली सोडून व्हॉल्व्ह फिरवतो. लालबागच्या चाळीत पहाटे नळाला धार लागते ती अशी. तुझी आई ज्या वेळी उठते ती वेळ एका माणसाच्या हातात आहे, आणि त्याचं तोंडही तिनं कधी पाहिलेलं नाही.

व्हॉल्व्ह हळू फिरवायचा असतो. झटक्यात बंद केला तर पाईपातलं वाहतं पाणी अडतं, दाबाचा तडाखा उलटा बसतो आणि जुना पाईप कुठेतरी लांब, दुसऱ्याच गल्लीत फुटतो. कुणी फोडला हे सहसा कळत नाही. रात्रीची वेळ, पाऊस, फिरवून फिरवून खांदे भरून आलेले, बघायला कुणी नाही. हळू फिरवला तरी पगार तोच, घाईनं फिरवला तरी तोच. मी नवीन माणसांना शिकवायचो तेव्हा पहिले काही महिने ते माझ्या धाकानं हळू फिरवत. मग धाक ओसरे. त्यानंतर जो हळू फिरवत राही, त्याच्याबद्दल मेंदूतल्या खळबळीनं काहीही सांगितलं तरी मी म्हणेन, हा माणूस आपल्या मर्जीनं वागतोय. ही मर्जी तो जन्मताना घेऊन आला नव्हता. कुणीतरी शिकवली, त्यानं ती हाताला लावून घेतली, रोज थोडी थोडी. इच्छेचं स्वातंत्र्य मला असंच दिसत आलंय. काहींकडे असतं आणि काहींकडे नसतं अशी ती वस्तू नाही. कामानं ते वाढतं आणि न वापरल्यानं आखडतं. म्हणून तुझ्या त्या एका सहीपेक्षा मला दुसरीची काळजी जास्त आहे. दुसरी पहिलीपेक्षा सोपी जाते.

आता तुझ्या आजोबांबद्दल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि घरं विस्कटली. कुणी गावी गेलं, कुणी वॉचमन झालं, कुणी भाजीची पाटी घेऊन बसलं. तेव्हा ‘मेहनत केली असती तर वर आले असते’ असं म्हणणारे पुष्कळ होते, आजही आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस. ज्याच्या हातात कापडाचं कसब होतं आणि ज्याच्या शहरातून विणकामाचे मागच निघून गेले, त्याला मेहनतीचा उपदेश करणं क्रूरपणाचं आहे. परिस्थिती खरी असते. आपल्या घरावरून जे गेलं ते तू मोठ्यानं सांग.

पण दुसऱ्याला तोलताना परिस्थिती आधी बघावी आणि स्वतःला तोलताना आपला हात आधी बघावा. तू तुझ्या पत्रात नेमकं उलटं केलंस. स्वतःसाठी गिरणीपर्यंत मागे गेलास, आणि परांचीवर जे चढतात त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिलीस, ‘ही पोरं बेल्टच लावत नाहीत’. मुला, ती झारखंड, बंगालहून आलेली पोरं. रोजावर. बेल्ट अडकवायला दोर कुठे ताणलाय का, तो वेळेत मिळतो का, बेल्ट लावून काम हळू झालं तर मुकादम काय बोलतो, हे तू विचारलंस का? तुझ्या आजोबांना जी समज हवी होती तीच त्यांनाही द्यावी लागेल.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तू ऐकलं असशील. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वेळी आठवड्याची सुट्टी नव्हती. त्यांनी मागण्यांचा अर्ज तयार केला: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. यातलं कुठलंही एकटा कामगार मिळवू शकला नसता. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तू रविवारी निवांत बसून ‘मी मोकळा आहे का’ असा विचार करू शकतोस, तो रविवार अशा माणसांनी मिळवलेला आहे. आपलं स्वातंत्र्य बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या श्रमावर उभं असतं. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी राबताना प्लेगनंच गेले.

त्यांच्याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विधवांचं केशवपन तेव्हा चालू होतं. लोखंडे आणि सत्यशोधक मंडळींच्या पुढाकारानं मुंबईतले न्हावी जमले आणि त्यांनी ठरवलं, आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही. विचार कर. पिढीजात धंदा, त्यावरच पोट, आणि समाजात मान तर कुणी देत नव्हतं. ‘आम्ही नाही केलं तर दुसरा करेल’ हे त्यांनाही म्हणता आलं असतं. ते थांबले. लिबेट ज्या थांबण्याबद्दल बोलत होते, ते मला त्या वस्तऱ्यात दिसतं, आणि ते एकट्यानं नव्हे, मिळून केलेलं होतं.

बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत राहिले. त्यांनी १९३६ मध्ये मांडलं की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, कारण तिथे माणूस काम निवडत नाही, काम त्याच्या कपाळी मारलं जातं. कामाला प्रतिष्ठा द्या असं नुसतं म्हणणारे हे विसरतात. गटारात उतरणाऱ्याला फुलं वाहायची आणि त्याच्या मुलालाही तिथेच उतरवायचं, ही प्रतिष्ठा नव्हे. कामाचा मान राखायचा तर ते करणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय असली पाहिजे, त्याचा जीव सांभाळला गेला पाहिजे, पुरता पगार हातात पडला पाहिजे. तुझ्या नोकरीचं मोल मला इथेच वाटतं. चौदाव्या मजल्यावरच्या पोराला ‘या फळीवर मी चढत नाही’ म्हणायचं बळ नसतं. त्याच्या वतीनं ते म्हणायला तुला पगार मिळतो.

आता काय करायचं ते सांगतो. उद्या जरा लवकर जा. आधी वर काम करणाऱ्यांना विचार, कुठली फळी हलते, कुठला क्लॅम्प सैल आहे. त्यांना ते कागदाच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. मग स्वतः चढून बघ. जे बघितलं तेवढंच लिही, खरी वेळ घाल, आणि जिथे पोचला नाहीस तो रकाना रिकामा सोड. साहेबांना चारचौघांत अडवू नकोस, बाजूला घेऊन सांग की मागची तपासणी झाली नव्हती, ती आज केली. ते ओरडतील. बहुधा त्यांच्याही डोक्यावर कुणी तारखेचा तगादा लावून बसलेलं असेल. तेही ध्यानात ठेव, पण सही देऊ नकोस. साइटवर तुझ्यासारखे आणखी दोघे-तिघे आहेत, त्यांच्याशी आधी बोल. एकट्याचं ‘नाही’ सहज मोडतं.

हप्त्याचं आजच आईजवळ मोकळेपणानं बोल, नोकरीवर आलं तर तिला धक्का बसायला नको. तशी वेळ आलीच तर सरळ माझ्याकडे ये, माझ्या ओळखीचे दोघे अजून या कामात आहेत, मी शब्द टाकेन. आणि वर जाशील तेव्हा बेल्ट लाव, पोरं बघत असतात.

तुझा,
काका