बॉम्ब बनवून परत मोडणारा देश

प्रश्न: जपान, जर्मनीकडे पैसा, टेक्नॉलॉजी सगळं असून ते अणुबॉम्ब बनवत नाहीत, आणि पाकिस्तान, उत्तर कोरिया पोटाला चिमटा काढून बनवतात, असं का? बनवलेला बॉम्ब कुणी सोडून दिलाय का कधी? – एक वाचक, सांगली

उत्तर: सोडून दिलाय ना, दक्षिण आफ्रिकेने. सहा बॉम्ब तयार, सातव्याचं काम चालू, आणि सगळे स्वतःच मोडले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच सापडतं.

1975 मध्ये जवळच्याच अंगोला देशात क्युबाचं सैन्य उतरलं, पाठीशी सोव्हिएत युनियन, आणि वर्णद्वेषामुळे जगाने दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारला वाळीत टाकलेलं, म्हणजे उद्या हल्ला झाला तर अमेरिका धावून येईलच याची गॅरंटी नाही. म्हणून प्रिटोरियाजवळ पेलिंडाबाला युरेनियम समृद्ध करायचं (म्हणजे बॉम्बलायक बनवायचं) काम, कलहारी वाळवंटात चाचणीसाठी खोल शाफ्ट (उभे खड्डे) खोदले, ते 1977 मध्ये सोव्हिएत उपग्रहाने पकडले आणि दबावापुढे चाचणी रद्द झाली. डिझाइन हिरोशिमाच्या बॉम्बसारखंच, युरेनियमचा एक तुकडा नळीतून दुसऱ्यावर आदळायचा. आणि प्लॅन काय, तर टाकायचा नाहीच, फारच अंगाशी आलं तर बॉम्ब असल्याचं उघड करून अमेरिकेला मध्ये पडायला लावायचं!

1988 मध्ये क्युबाने सैन्य काढून घ्यायचा करार केला, मग शीतयुद्धच संपत आलं, मग भीती कसली राहिली? डी क्लर्क 1989 मध्ये अध्यक्ष झाले आणि त्यांनी कार्यक्रम गुंडाळला, 1991 मध्ये एनपीटीवर (अण्वस्त्रं पसरू नयेत म्हणूनचा करार) सही केली, संसदेत मात्र हे सांगितलं थेट 1993 मध्ये. सत्ता कृष्णवर्णीयांकडे जाणार हे दिसत होतं, त्यांच्या हाती बॉम्ब द्यायचा नव्हता असंही म्हणतात, आणि मला ते अजिबात अशक्य वाटत नाही.

तर मुद्दा पैशाचा कमी, पाठीशी कोण उभं आहे याचा जास्त. जपान, जर्मनीला अमेरिकेचं संरक्षण आहे, जपानने तर हिरोशिमा, नागासाकी भोगलंय. आपल्या पाठीशी असं कुणी नव्हतं, 1962 चं युद्ध हरलो आणि 1964 मध्ये चीनने चाचणी केली. पाकिस्तानने 1971 चा पराभव झाल्यावर लगेच 1972 मध्ये बॉम्ब बनवायचं ठरवलं. म्हणूनच युक्रेनचं मला फार वाईट वाटतं, 1994 मध्ये सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं त्यांनी आश्वासनांवर विसंबून सोडली, आश्वासन देणाऱ्यांत रशियाही होता, आणि त्यानेच 2014 मध्ये क्रिमिया घेतला, 2022 मध्ये पूर्ण हल्ला केला. आता उत्तर कोरियाला कुठल्या तोंडाने सांगणार की तुम्ही सोडा, आम्ही बघून घेतो?