झोंबी, झॉम्बी आणि चालतं मढं

एका वाचकाने विचारलंय: मराठीतली ‘झोंबी’ आणि सिनेमातला ‘झॉम्बी’ यांचं मूळ एकच का? आणि असा झॉम्बी खरोखर असू शकतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं. संबंध नाही. आपली झोंबी ‘झोंबणे’वरून आली. पैलवान एकमेकांना झोंबतात, मिरची डोळ्यांना झोंबते, खरं बोललेलं तर फारच झोंबतं. दोन्हींतला झ ‘झाड’मधला, त्यात छापताना ‘झॉम्बी’तल्या अर्धचंद्राच्या जागी मात्रा पडते, म्हणून घोळ. झॉम्बी आला कॅरिबियनमधल्या हैती देशाच्या क्रियोल भाषेतून, आणि त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक मध्य-पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमध्ये शोधतात. किकोंगो भाषेत ‘न्झाम्बी’ म्हणजे चक्क देव!

दुसऱ्या प्रश्नावर मात्र उलट विचारावं लागतं: कोणता झॉम्बी?

माणसं खाणारा, म्हणत असाल तर नाही. गंमत म्हणजे ज्या 1968च्या अमेरिकी चित्रपटातून हा अवतार रूढ झाला, त्याच्या संवादांत हा शब्द नाहीच. तो मागाहून चिकटला. शरीरशास्त्रही त्याला उभं राहू देत नाही. स्नायू आवळायला एटीपी नावाचं रासायनिक इंधन लागतं, आणि आवळलेला स्नायू सोडवायलाही तेच लागतं. मेल्यावर ते संपतं, म्हणून प्रेत काही तासांत लाकडासारखं ताठ होतं. पुढे सैल पडतं ते स्नायू कुजू लागल्यामुळे. अशा देहाला चालायचं बळ कुठून यायचं?

हैतीचा मूळ झॉम्बी वेगळा, आणि मला तोच जास्त अस्वस्थ करतो. तो कुणाला चावत नाही. ‘बोकोर’ म्हणजे तिथला मांत्रिक त्याला कबरीतून उठवून मळ्यात राबवतो, अशी समजूत. फ्रेंचांच्या ऊसमळ्यांत गुलामीत पिचलेल्यांच्या वंशजांनी जपलेली ही कल्पना आहे. मरण आलं तरी गुलामी सुटत नाही, ही त्यातली खरी धास्ती. तिथे झॉम्बीचं भय नसतं, झॉम्बी होण्याचं असतं. हैतीच्या जुन्या दंडसंहितेत कलम 246 होतं: पदार्थ देऊन कुणाला दीर्घ गुंगीत टाकलं तर तो विषप्रयोग, आणि त्या अवस्थेत त्याला पुरलं तर खून, मग पुढे काहीही होवो.

क्लेर्व्हियस नार्सिस या माणसाला 1962 मध्ये मृत घोषित करून पुरलं होतं. 1980 मध्ये एक जण गावात येऊन ‘तो मीच’ म्हणाला. वनस्पतिअभ्यासक वेड डेव्हिस यांनी यामागे बोकोरांची भुकटी आणि तिच्यातलं फुग्या माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, असावं, असं मांडलं. पण इतरांच्या तपासणीत त्या भुकटीत हे विष नगण्य निघालं, आणि त्या विषाने माणूस लुळा पडतो, वर्षानुवर्षं हुकूम पाळत नाही. 1997 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा तिघांची तपासणी छापून आली. त्यांना मानसिक वा मेंदूचे विकार होते, आणि डीएनए पाहता तिघांतले दोघे ‘आपला माणूस परत आला’ म्हणणाऱ्या कुटुंबांचे नव्हतेच. दुःखात बुडालेल्यांनी भटक्या आजारी माणसाला आपलं मानलं, एवढीच ती गोष्ट.

मग मराठीत झॉम्बीला काय म्हणायचं? भूत, समंध चालणार नाहीत, ते बिनदेहाचे. वेताळ जवळचा, कारण तो मढ्यात शिरतो, पण तो भलता हुशार आणि बोलघेवडा. झॉम्बीच्या आत कुणीच नसतं. ‘प्रेत’ हा शब्द मजेशीर: संस्कृतात ‘निघून गेलेला’, हिंदीत भूत, आपल्याकडे मागे उरलेला देह. तेव्हा ‘चालतं मढं’ म्हणा, नाहीतर सरळ झॉम्बीच लिहा. अर्धचंद्र तेवढा सांभाळा.

राहिली ‘झॉम्बी मुंगी’. ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी मुंगीच्या शरीरात वाढते. मुंगी वारूळ सोडते, जमिनीपासून वीतभर उंचीवर पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट चावते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ उगवतो. 2017च्या एका अभ्यासात बुरशीचे तंतू स्नायूंभोवती जाळं विणताना दिसले, मेंदूत मात्र शिरलेले नव्हते. पण चावेपर्यंत ही मुंगी जिवंतच असते. फक्त शरीर दुसऱ्याच्या ताब्यात. तिच्यासाठी मराठीत आधीपासून नेमका शब्द आहे: झपाटलेली.