मुलगा बोटीवर गेला तर घरचं कोण बघणार?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या इंग्लंडमधे पोर्ट्समथला असतो. मला ७ वर्षं झाली मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू नि मज्जारज्जूचा आजार) आहे, मिस्टर नाइट शिफ्टला, त्यामुळे रात्रीच्या गोळ्या, मला बाथरूमला नेणं, धाकटीचा डबा, सगळं १४ वर्षांचा मुलगाच बघतो. आता शाळेतून पत्र आलंय, घरी कोणाचं तरी करणाऱ्या मुलांसाठी ५ दिवसांची शिडाच्या बोटीची ट्रिप आहे. तो म्हणतो मी जात नाही. त्याला धड पोहता येत नाही, आणि सासूबाई फोनवर म्हणाल्या, आई आजारी नि पोरगं समुद्रावर मजा मारणार का? काय करू?

उत्तर: पाठवा. आणि सासूबाईंना सांगा की तिथे भांडी पण घासावी लागतात.

तो "जात नाही" म्हणतोय ना, ते खरं तर "आईचं कोण बघणार" असं आहे, म्हणून आधी घरचं लावा. इंग्लंडमधे २०१४ च्या कायद्याने १८ खालच्या अशा मुलांना काय मदत लागते ते कौन्सिलला (तिथल्या नगरपालिकेला) बघावंच लागतं, तुम्ही नुसतं मागितलं तरी, तेव्हा शाळेला सांगून आत्ताच अर्ज टाका. त्या दिवसांत रात्री कोण येणार, गोळ्या कोण देणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, त्याला वाचू दे. तो परत आल्यावर सगळं पुन्हा त्याच्याच गळ्यात पडू नये हेही त्याच अर्जात मागा, नाहीतर ५ दिवसांचं वारं ५ दिवसच पुरतं.

बोटीवर मुलांचे गट करतात, त्याला वॉच म्हणतात, आणि गटाच्या पाळीलाही वॉचच. एक गट सुकाणू नि शिडं बघतो, एक स्वयंपाक, एक साफसफाई. मोठं शीड एकट्याने वर जातच नाही, चार-पाच जणांनी दोर ओढावा लागतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की वॉच संपला की दुसरा येऊन सुकाणू हातात घेतो आणि याने जाऊन झोपायचं. घरी तुमच्या लेकाचा वॉच कधी संपतच नाही हो. शिवाय बाकीची पोरंही तशीच, सारखा फोन का बघतोस म्हणून कोणी विचारणार नाही.

पोहण्याचं म्हणाल तर डेकवर लाइफजॅकेट घालावंच लागतं, तरी त्याला पोहता येत नाही हे फॉर्मवर स्पष्ट लिहा. तुमच्या पोर्ट्समथसमोरच्या समुद्राच्या पट्ट्याला, म्हणजे सोलेंटला, आयल ऑफ वाइट बेटाचा आडोसा आहे, पण वारा नि भरतीचं पाणी उलट्या दिशेने आलं की बोट हलते म्हणजे हलतेच. मळमळलं तर क्षितिजाकडे बघ म्हणावं, आल्याच्या वड्या द्या.

फोनची एकच वेळ ठरवा, संध्याकाळी बोट बंदरात लागल्यावर. आणि प्लीज, "त्या पांढऱ्या गोळ्या कुठे ठेवल्यास रे" विचारायला फोन करू नका, मिस्टरांना शोधू दे.

सुटकेस नको, बोटीत ठेवायला जागा नसते. घडी होणारी मऊ बॅग द्या.