तोही हसतो

एका वर्गशिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा पहिल्या सत्रातल्या ९४ दिवसांपैकी ३१ दिवस शाळेत नव्हता. सरांनी वडिलांना दोनदा बोलावून घेतलं, वहीत लाल शाईने शेरे लिहिले, मुख्याध्यापकांच्या सहीची नोटीस पाठवली, पूर्ण हजेरीवाल्या मुलांना वर्गात प्रशस्तिपत्रं दिली. मुलगा आजारी नाही, त्याला घरी कुणी कामाला जुंपलेलं नाही, अभ्यासात मध्यम आहे. आता पुन्हा सहा दिवस तो आलेला नाही. ‘सगळे उपाय करून थकलो, आता काय करू?’ असं सर विचारतात. पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे: ‘कधी उगवलाच तर मी वातावरण हलकंच ठेवतो. “या पाहुणे, टाळ्या वाजवा रे” म्हणतो, सगळे हसतात, तोही हसतो.’

सर,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि मी या एका वाक्यापाशी अडकले आहे. तोही हसतो, असं तुम्ही लिहिलंत. तेरा वर्षांच्या मुलाने चाळीस जणांसमोर दुसरं काय करायचं होतं? रडायचं होतं?

पाच-सहा दिवस बुडवून शाळेत परतणाऱ्या मुलाची आदली रात्र कशी जाते, याचा जरा विचार करा. दप्तर भरायला घ्यावं तर कुठला धडा चालू आहे ते माहीत नसतं. गृहपाठ काय दिला होता, कुणाला विचारायचं? बाकावरची आपली जागा अजून आपली आहे की तिथे दुसरं कुणी बसायला लागलं? शेजारचा विचारणार, ‘कुठे होतास?’ त्याला काय सांगायचं? एवढं सगळं गिळून, सकाळी पोटात गोळा घेऊन तो दारापर्यंत येतो. ते दार ओलांडणं ही त्याची त्या आठवड्यातली सगळ्यात धीराची गोष्ट असते. आणि तिथे तुम्ही टाळ्या वाजवायला लावता.

पाहुणा कुणाला म्हणतो आपण? जो या घरचा नाही आणि थोड्या वेळाने जाणार आहे, त्याला. तुम्ही त्याला तो कोण आहे ते सांगितलंत आणि तो तसा वागला.

हजेरीपटावरच्या तारखा तुम्ही उतरवून पाठवल्यात, ते फार बरं केलंत. मी तो कागद घेऊन पेन्सिलने खुणा करत बसले. खाड्यानंतर तो सात वेळा परत आला आहे. त्यातल्या पाच वेळा दुसऱ्याच दिवशी पुन्हा गैरहजर. एकदा तीन दिवस टिकला. आणि एकदाच, फक्त एकदाच, तो सलग अकरा दिवस आला. ते अकरा दिवस कुठले, पाहिलंत? तुम्ही प्रशिक्षणाला गेला होतात आणि बदलीवर आलेल्या बाई हजेरी घेत होत्या. हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलं आहे, अभ्यासक्रम मागे पडला ते सांगताना. योगायोग असेल, असं तुम्ही म्हणाल. मला तो योगायोग वाटत नाही.

मूल ज्या कारणाने पहिल्या दिवशी घरी राहतं, त्याच कारणाने पाचव्या दिवशी राहत नाही, हे शिक्षकांनी आणि पालकांनीही नीट समजून घ्यायला हवं. पहिल्या दिवशी चाचणीची भीती असेल, कुणी चिडवलं असेल, नुसता कंटाळासुद्धा असेल. घरी राहिलं की पोटातला गोळा सुटतो. हा सुटकेचा अनुभव मनात पक्का बसतो आणि दुसऱ्या दिवशी घरी राहणं सोपं होतं. तिसऱ्या दिवसापासून मूळ कारण मागे पडतं आणि ‘आता तोंड कसं दाखवू’ हेच कारण होऊन बसतं. त्यामुळे परतण्याची वेळ जितकी अवघड, तितका पुढचा खाडा जवळ. तुमच्या वर्गात ती वेळ सगळ्यात अवघड आहे, आणि ती तुम्ही अवघड केली आहे.

त्याचं मूळ कारण शोधायला हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण ते तो ज्या माणसाला सांगेल, तो माणूस सध्या तुम्ही नाही.

प्रशस्तिपत्रांचं तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे, म्हणून सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सहावी ते बारावीच्या १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर नेमका हाच प्रयोग झाला होता. एखाद्या महिन्यात पूर्ण हजेरी लावलेल्या मुलांना नंतर प्रशस्तिपत्र दिलं, तर त्यांची पुढची हजेरी वाढली नाही, उलट थोडी घटली. संशोधकांचा अंदाज असा की, ‘तू इतरांपेक्षा जास्त येतोस, एवढं यायची अपेक्षाच नाही’ असा अर्थ मुलांनी त्यातून काढला. ज्यांना मिळालं त्यांच्यावर हा परिणाम. तुमचा मुलगा तर ती पत्रं वाटली जात असताना मागच्या बाकावर बसून बघत असणार, आला असेल तर.

उपयोग कशाचा होतो, तेही पाहिलं गेलं आहे. न्यूयॉर्क शहराने २०१० ते २०१३ या काळात वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांना प्रत्येकी एक मोठा माणूस नेमून दिला. कुणी त्याच शाळेतला कर्मचारी, कुणी बाहेरून आलेला. मूल आलं की त्याची भेट घ्यायची, नाही आलं की घरी फोन करायचा, बारीकसारीक अडचणीत पाठीशी राहायचं, एवढंच काम. आधीच्या वर्षी फार खाडे झालेली जी मुलं या माणसांकडे होती, ती तशाच इतर मुलांपेक्षा वर्षाला सुमारे नऊ दिवस जास्त शाळेत आली. आपण आल्याने कुणाला तरी बरं वाटतं, हे मुलाला रोज दिसत होतं. तुमच्या वर्गात तो आल्यावर काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

आणि या मुलाचं प्रकरण गंभीर आहे की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला आहे, त्याचं उत्तर सरळ आहे. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के दिवस बुडाले की धोक्याची घंटा मानायची, असा दंडक पुष्कळ ठिकाणी आहे. १८० दिवसांचं वर्ष धरलं तर १८ दिवस, म्हणजे महिन्याला साधारण दोनच. तुमच्या मुलाचा एक तृतीयांश काळ गेला आहे. पहिले दोन-तीन दिवस चुकले तेव्हाच कुणीतरी त्याच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते. ते राहिलं.

आता एकच करा. आज संध्याकाळी त्याच्या घरी फोन लावा. वडिलांना फक्त एवढंच सांगा की तक्रार नाही, मुलाशी बोलायचं आहे. तो फोनवर आला की म्हणा, ‘मी तुला सगळ्यांसमोर पाहुणा म्हणत होतो, टाळ्या वाजवायला लावत होतो. ते माझं चुकलं. पुन्हा होणार नाही. उद्या ये, तुझी जागा तुझीच आहे.’ त्यापुढे ‘पण तूही’ नको. ‘पण तुझे एवढे खाडे’ नको. ‘पण’ आला की माफी संपली. पलीकडून तो एक शब्दही बोलणार नाही कदाचित. चालेल. ‘ठेवतो’ म्हणून फोन ठेवा.

तुम्हाला हे जड जाईल, मला कल्पना आहे. विद्यार्थ्याची माफी मागितली की धाक जातो, असं आपल्याला वाटत आलेलं असतं. तुमच्या धाकाने ३१ दिवस त्याला शाळेत आणलेलं नाही, सर. आणि तुम्ही वाईट शिक्षक असता तर एका मुलासाठी चार पानं लिहिली नसती. म्हणूनच तुम्हाला हे इतकं स्पष्ट सांगते आहे.

उद्या तो येईलच असं नाही. परवा येईल, पुढच्या आठवड्यात येईल. तोपर्यंत बुडलेल्या दिवसांत वर्गात काय झालं ते थोडक्यात एका कागदावर लिहून तयार ठेवा, तुमच्या हाताने, मॉनिटरकडून नव्हे. तो दिसला की दाराशीच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ‘आलास, बरं वाटलं’ म्हणा आणि कागद द्या. कुठे होतास ते विचारू नका. मग हजेरी घ्यायला बसाल तेव्हा त्याचं नाव इतरांच्या नावासारखंच घ्या, त्याने ‘हजर’ म्हटलं की मान वर करू नका, थांबू नका, लगेच पुढचं नाव घ्या.