२ एप्रिलच्या आधी ३१ मार्च येतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंदूरला लोकमान्य नगरातलं तुमचं महिला मंडळ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या एका शाळेसाठी ५ लाख उभे करू पाहतंय. २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी सकाळी पदयात्रा, संध्याकाळी मुलांचा नाच, खाण्याचे स्टॉल, दानपेटी आणि लकी ड्रॉ असा बेत आहे. जमेल का?

जमेल. पण क्रम उलटा करावा लागेल, आणि नाच, दानपेटी व लकी ड्रॉ या तीन गोष्टी काढाव्या लागतील.

आधी क्रम. आयकराचं वर्ष ३१ मार्चला संपतं. ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणाऱ्या कलमाची, पावती हवी असलेला माणूस फेब्रुवारी-मार्चमध्ये खिशात हात घालतो. २ एप्रिलला त्याच्यापुढे झोळी धरली तर तो "पुढच्या मार्चमध्ये बघू" म्हणतो, आणि तो काही खोटं बोलत नसतो. म्हणून पैशाची मागणी फेब्रुवारीपासून करा. पाडवा मार्चात येत असेल तर मंडळाच्या पाडव्याच्या मेळाव्यातच फॉर्म भरून घ्या. २ एप्रिल मुख्यतः लोकांना समजावून सांगण्यासाठी ठेवा. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ८०जीची वजावट मिळतच नाही, हे मात्र स्पष्ट सांगा. आमिष दाखवून घेतलेला देणगीदार दुसऱ्या वर्षी फिरकत नाही.

आता रक्कम. अशा शाळेला खरी चणचण असते ती दरमहा पगाराची. विशेष शिक्षिका वर्षाच्या मधेच सोडून गेली की मुलांची घडी विस्कटते आणि नव्या बाईंशी जुळवून घेण्यात काही मुलांचे महिने जातात. एकरकमी ५ लाखांत खोलीला रंग लागतो, एसी येतो, दात्यांच्या नावाची पाटी लागते, आणि जूनमध्ये पगाराचा प्रश्न जिथल्या तिथे असतो. म्हणून ५ लाखांचे दोन भाग करा. समजा एका शिक्षिकेचा पगार महिना २५,००० आहे. ५० घरांनी महिना ५०० दिले की तो निघतो, वर्षाचे ३ लाख होतात. उरलेले २ लाख ३१ मार्चपर्यंत एकरकमी गोळा करा आणि शाळेने लेखी दिलेल्या यादीप्रमाणे खर्च होऊ द्या. "शाळेला मदत करा" यापेक्षा "एका बाईंच्या पगारातला पन्नासावा वाटा तुमचा" हे लोकांना चटकन कळतं.

५० हवे असतील तर फॉर्म ६० भरून घ्या. काही हप्ते पहिल्या तीन महिन्यांत बंद पडतात, आणि कारण बहुधा साधं असतं : कपातीच्या तारखेला खात्यात पैसे नसतात. यूपीआय ऑटोपे असो वा बँकेचा एनएसीएच (खात्यातून दरमहा आपोआप होणारी कपात), तारीख ५ ते ७च्या दरम्यान घ्या. तोवर पगार आणि पेन्शन दोन्ही जमा झालेले असतात. एनएसीएच परत गेला तर बँक देणाऱ्याच्या खात्यातून दंड कापते, आणि त्या दंडाचा राग शाळेवर निघतो. ज्येष्ठांना ऑटोपे जमत नसेल तर वर्षाचे ६,००० एका चेकने घ्या. मोबाइल हातात घेऊन त्यांच्या वतीने पिन टाकत बसू नका.

पैसा थेट शाळेच्या न्यासाच्या खात्यात जावा, मंडळाच्या नाही. मंडळाकडे ८०जी नसेल तर मंडळाने घेतलेल्या पैशावर तशी पावती मिळू शकत नाही. शाळेकडून आधी चार कागद बघून घ्या : न्यास किंवा संस्थेची नोंदणी, १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारं कलम) आणि ८०जीचे आदेश (त्यांवरची मुदत नीट वाचा, ती संपलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसतं), दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ खाली संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. हे मागताना संकोच करू नका. चांगली शाळा ही फाईल तयारच ठेवते.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर न्यासाचंच नाव दिसायला हवं. खजिनदारांच्या वैयक्तिक नंबरावर "तात्पुरतं" घेतलेलं नंतर निस्तरता येत नाही. स्कॅन करणाऱ्याकडून नाव, पत्ता, पॅन आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक तिथेच फॉर्मवर लिहून घ्या. नाहीतर बँकेच्या उताऱ्यात २०० एंट्र्या दिसतात आणि कोणत्या कुणाच्या ते कळत नाही. शाळेला देणगीदारांचं विवरण (१०बीडी) वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरावं लागतं, त्यावरूनच देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं, आणि उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत (८०जी, १२एबी हे जुन्या कायद्यातले), तेव्हा पावतीचा मसुदा छापण्याआधी शाळेच्या सीएंना दाखवा. २,०००च्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, हे पावतीपुस्तकाच्या मुखपृष्ठावरच लिहून टाका.

दानपेटी का नको, तेही यातच आलं. नाव-पत्ता न नोंदलेलं दान निनावी ठरतं. निव्वळ धार्मिक न्यासाला त्यात सूट आहे, शाळेला नाही. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांपैकी जे जास्त, त्यावरच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर बसतो. छोट्या शाळेची निनावी रक्कम तो १ लाखाचा टप्पा लवकर गाठणार नाही हे खरं, पण पेटीतल्या सुट्या पैशांचा हिशेब आणि त्यावरून होणारी कुजबुज यांत मंडळाची शक्ती जाते. लकी ड्रॉची तिकिटं विकणं म्हणजे परवानगीविना लॉटरी, आणि तो गुन्हा आहे. तो विषय इथेच सोडा.

स्टॉलवरच्या थालीपिठाला किंवा नाटकाच्या तिकिटाला ८०जीची पावती देता येत नाही, कारण पैशाच्या बदल्यात वस्तू दिलेली असते. नाटकाचा मदतप्रयोग करणार असाल तर तिकीट ५००च्या आत ठेवा, तिथपर्यंत जीएसटी नाही. परदेशातल्या नातेवाइकांबद्दल : भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं दान विदेशी अंशदान धरलं जात नाही. पण ज्या भाच्याने तिथलं नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्या हाती ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी तो कायद्याने विदेशी स्रोत आहे. शाळेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर त्याचे १०० डॉलरसुद्धा घेऊ नका. पीथमपूरच्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी) जायचं असेल तर शाळेची सीएसआर-१ नोंदणी हवी. तिथलं अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीला ठरतं, मार्चात जाऊन फारसं हाती लागत नाही.

आता २ एप्रिल. मुलांना मंचावर नाचवू नका, हे मी आग्रहाने सांगते. ढोल, स्पीकर, फोकस, अनोळखी पोशाखाची टोचणारी जर, तीनशे चेहरे आणि टाळ्यांचा कडकडाट, यांतली एकेक गोष्ट काही मुलांना सहन होत नाही, इथे सगळ्या एकत्र येतात. त्यात महिनाभर तालमीसाठी शाळेचं रोजचं वेळापत्रक मोडतं, आणि या मुलांना सगळ्यात मोठा आधार त्या ठरलेल्या क्रमाचाच असतो. प्रेक्षक डोळे पुसतात, "देवाची लेकरं" म्हणतात आणि घरी जातात. स्वमग्नता म्हणजे काय, हे त्यांना कळलेलं नसतं. एखाद्या मुलाला स्वतःहून तबला वाजवायचा असेल तर जरूर वाजवू द्या, पण ऐन वेळी "नको" म्हणायची मुभा ठेवून.

त्याऐवजी पोह्यांचा स्टॉल लावा, पण मागणी बोलून करायची नाही, चित्रकार्डांनी करायची. शाळेत न बोलणारी मुलं जी पद्धत वापरतात तीच. ७ × ७ सेंटीमीटरची चौकोनी कार्डं करा : पोहे, जलेबी, शेव, जिरावण, कांदा, लिंबू, पाणी, आणखी. कार्टून नको, तुमच्याच बशीतल्या पदार्थाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घ्या, खाली मराठी आणि हिंदी शब्द. १२५ मायक्रॉनचं लॅमिनेशन करा आणि कोपरे गोल कापा, ते टोचतात. मागे वेल्क्रो लावताना मऊ बाजू कार्डाला की पाटीला, हे शाळेला विचारून ठरवा, म्हणजे नंतर हीच कार्डं त्यांच्या पाट्यांवर बसतील.

स्टॉलवरच्या ताईंनी एकदाच विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजत थांबायचं. गिऱ्हाईक "पोहे" आणि "शेव" ही कार्डं पाटीवर लावतं, आणि मग अडतं. त्याला कांदा नको असतो, आणि "नको"चं कार्ड तुम्ही मुद्दाम ठेवलेलं नसतं. तो हातवारे करतो, हसतो, मग जरा चिडतो. कांदा घातलेली बशी समोर आली की तिकडे बघत राहतो. त्या क्षणी "नको"चं कार्ड त्याच्या हातात द्या आणि सांगा, की शाळेतल्या बाई हे कार्ड वापरायला शिकवण्यात आठवडेच्या आठवडे घालवतात. कांद्याशिवायची बशी लगेच बदलून द्या. शेजारच्या टेबलावर ५०० रुपयांचा मासिक फॉर्म असावा. लोक तो इथे भरतात.

२०० बशांना कोरडे पोहे १५ किलो आणि शेव ५ किलो पुरते. तयार पोहे इंदुरी पद्धतीने उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेत की तासभर मऊ राहतात. ४० रुपये बशीत खर्च जाऊन १५-२० सुटले तरी ३-४ हजारच होतात, म्हणून स्टॉलकडून पैशाची अपेक्षा नको. सकाळी ६.३०ला सुरू करून ९ला आवरा, एप्रिलचं ऊन मुलांना आणि म्हाताऱ्यांना झेपत नाही. ओला-सुका कचरा वेगळा ठेवा, इंदुरात हे सांगायला नकोच.

जागा निवडताना पाणी बघा. काही स्वमग्न मुलं क्षणात हात सोडून निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. रीजनल पार्क देखणं आहे, पण पिपल्यापाल्याचा तलाव लगत आहे, तिथे नको. एकच फाटक असलेलं, कुंपणाचं मैदान घ्या, फाटकावर पूर्ण वेळ एक माणूस, आणि एक खोली शांत ठेवा : सतरंजी, जाड पडदा, स्पीकरपासून लांब. मूल कोलमडलं, रडू-ओरडू लागलं, तर गर्दी हटवा, आवाज बंद करा, पालकांना विचारा, हात लावू नका, मोबाइल काढू नका. ही गोष्ट स्वयंसेवकांकडून आधी दोनदा करून घ्या, नुसती सांगून भागत नाही. फुगे अजिबात नकोत, एक फुटला की पुरे होतं.

पत्रकात "ग्रस्त", "पीडित", "आजार", "बरा होतो" हे शब्द टाळा. "स्वमग्न" शब्दामुळे लोकांना वाटतं की मूल मुद्दाम आपल्यातच राहतं. तेव्हा एक ओळ घाला : हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे, आईच्या संगोपनातली चूक नव्हे आणि लसीचा परिणामही नव्हे. कोड्याच्या तुकड्याचं चिन्ह अनेक स्वमग्न प्रौढांना खटकतं, सप्तरंगी अनंतचिन्ह वापरा. फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्या, कशासाठी आणि किती काळ हे लिहून. चेहऱ्याऐवजी मणी ओवणाऱ्या हातांचा फोटोही तितकंच सांगतो.

त्या दिवशी एखादी आई बाजूला घेऊन विचारेल, "माझा अजून बोलत नाही, हेच असेल का?" तिथे निदान करू नका आणि "मुलगे उशिराच बोलतात" असंही म्हणू नका. वर्षाचं होऊनही नावाला वळून बघत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोटाने दाखवत नाही, आलेले शब्द गेले, यांपैकी काही असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायला सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची चाळणी तिथे करता येते. ज्यांचं निदान झालेलं आहे त्यांना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि राष्ट्रीय न्यासाची १ लाखापर्यंतची निरामय विमा योजना माहीत आहे का, ते विचारा.

३ एप्रिलला अर्धवट फॉर्मवाल्यांना फोन करा. आठवड्याने केलेला फोन उचलला जातो, पण पैसे येत नाहीत. जुलैत पहिल्या तीन हप्त्यांचा एक पानी हिशेब प्रत्येक घरी पाठवा : किती जमले, किती हप्ते परत गेले, कोणत्या बाईंचा पगार निघाला. किती परत गेले हा आकडा गाळू नका. तो वाचून ज्यांचे हप्ते थांबलेत त्यांतले काही जण स्वतःहून तारीख बदलून घेतात.